मोगलीची पुस्तकं बालविभागात परत ठेवा: आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात वाचनालयाच्या जिन्यापाशी सूचना लागली. शनिवारचा बालवाचनाचा तास बंद करून त्या वेळेत ‘जंगल बुक’ या ॲनिमेशन मालिकेचा एकेक भाग पडद्यावर दाखवायचा, त्यासाठी बालविभागातली दोन कपाटं हलवायची, आणि ‘मालिकेच्या स्वरूपात उपलब्ध असलेली’ जुनी, फाटकी पुस्तकं बाद करायची, असं आपण ठरवलं आहे. बाद करायच्या गठ्ठ्यात मोगलीच्या गोष्टींच्या तीन प्रती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. सुतळीने बांधलेल्या होत्या.

मी दोनदा कार्यालयात येऊन बोलले. दोन्ही वेळा ‘आता ठराव झाला आहे’ एवढंच उत्तर मिळालं. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. वाचनालयाचं नाव मी घालत नाही. माझ्या आजीपासून आमच्या घराची वर्गणी इथे चालू आहे, या संस्थेला कुणी नावं ठेवलेली मला सोसणार नाहीत. पण पेठेपेठेतल्या, उपनगरांतल्या वाचनालयांपुढेही हाच प्रश्न आज ना उद्या येणार आहे, आणि त्याचं उत्तर बंद दाराआड ठरू नये असं मला मनापासून वाटतं.

आधी हे सांगते, की मालिकेशी माझं वैर नाही. १९९३ साली ती दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या वाड्यात रंगीत टीव्ही एकाच बिऱ्हाडात. तिथे दारापासून पलंगापर्यंत आम्ही पंधरा-सोळा पोरं दाटीवाटीने बसायचो. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांची चाल असलेलं ते शीर्षकगीत सुरू झालं, की नळावर भांडी घासणाऱ्या बायकासुद्धा गुणगुणायच्या. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. तो आवाज आला की आमच्यातली लहान पोरं पलंगाखाली जायची. ती मालिका १९८९-९० साली जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने केली होती, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा ती आमचीच वाटत होती. आजही वाटते.

तिच्याच ओढीने पुढच्या वर्षी मी आपल्या बालविभागात आले आणि मोगलीचं पुस्तक मागितलं. तेव्हाच्या ग्रंथपालबाईंनी ते माझ्या हातात देताना सांगितलं, “हे टीव्हीसारखं नाही हां. सावकाश वाच.” त्या प्रतीच्या शेवटच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठीवर १९९४ चे शिक्के अजून आहेत. त्यातले तीन माझ्या वेळचे आहेत, कारण दोनदा मुदत वाढवून घेऊनही मला ते पुस्तक सोडवत नव्हतं. आपण सुतळीने बांधलेली पुस्तकं म्हणजे ही.

गेली सहा वर्षं शनिवारचा तास मी घेते आहे, विनामूल्य, आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘मालिका पाहिली म्हणजे पुस्तक झालं’ हे जे आपल्या ठरावात गृहीत धरलं आहे, ते खरं नाही. का नाही, ते या मुलांसोबत काढलेल्या शनिवारांच्या आधाराने सांगते.

रुडयार्ड किपलिंगची ‘जंगल बुक’ दोन आहेत, १८९४ आणि १८९५ सालची. दोन्हींत मिळून १५ गोष्टी आणि त्यांतल्या मोगलीच्या फक्त ८. मालिकेचे भाग ५२. आठ गोष्टींचे बावन्न भाग करायचे म्हटलं की भर घालावीच लागते, आणि मालिकेने ती प्रेमाने घातली आहे. पुस्तकातल्या लांडग्या बापाला नावच नाही, मालिकेत तो अलेक्झांडर आहे. मोगलीबरोबर वाढणारे लांडगे भाऊ अकरू आणि सुरा, किची नावाचा लाल पांडा, मोगलीच्या हातातलं बूमरँग, हे सगळं मालिकेचं. आमच्या वर्गातल्या एका मुलीने विश्वकोशासारख्या जाड पुस्तकातून शोधून काढलं की लाल पांडा पूर्व हिमालयातला प्राणी, मोगलीच्या गोष्टी घडतात त्या मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या जंगलात तो असणारच नाही. केवढी खूश झाली होती ती! किचीवरचं तिचं प्रेम त्याने तसूभरही कमी झालं नाही. पण दोन्ही समोर होती म्हणून तिला ही तुलना सुचली. एकच ठेवलं तर तुलना कशाशी करायची?

बूमरँगचंच घ्या. मुलांना ते फार आवडतं. पुस्तकात मोगलीकडे चाकू आहे, माणसांत राहायला लागल्यापासून गळ्यात अडकवलेला. शेरखानचं कातडं तो त्यानेच सोलतो. म्हणजे ज्या गावाने त्याला दगड मारून हाकललं, त्याच गावाची वस्तू तो जन्मभर गळ्यात वागवतो. हे मी मुलांना सांगितलेलं नाही, सहावीतल्या एका मुलाने मला सांगितलं.

आता ज्या मुलासाठी मी हे पत्र लिहायला बसले, त्याच्याबद्दल. तो इंदापूरकडचा. वडील मंडईत गाळ्यावर कामाला. आजोबा अजून गावी मेंढरं राखतात. आमच्याकडे आला तेव्हा तो तीन शनिवार एक शब्द बोलला नाही. चौथ्या शनिवारी पहिली गोष्ट सुरू केली. लांडग्याच्या गुहेत माणसाचं पोर रांगत येतं आणि लांडगीण त्याला आपल्या पिल्लांत घेते, इथपर्यंत आले, तर हा उभा राहिला आणि म्हणाला, “खोटंय हे. लांडगा कोकरू न्हेतो. आमच्या वाड्यावरनं न्हेलंय.”

पुणे जिल्ह्यातल्या माळरानांवर, सासवडकडे, इंदापूर-दौंडकडे आजही लांडगे आहेत आणि मेंढपाळांशी त्यांचं रोजचं नातं आहे, हे वर्गातल्या शहरी मुलांना माहीतच नव्हतं. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. लांडगा केवढा असतो, एकटा येतो की जोडीने, कुत्री काय करतात, आजोबा रात्री कुठे झोपतात. पाऊण तास तो बोलत होता. त्या दिवशी पुस्तक पुढे गेलंच नाही. पडद्यावर गोष्ट चालू असती तर तो उभा राहिला असता का? आणि राहिलाच असता तर ‘शू, बस खाली’ असं कुणीतरी म्हटलं असतं. पडदा कुणासाठी थांबत नाही. मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, एवढंच मला करावं लागलं.

पुढच्या शनिवारी तो आपणहून पहिल्या रांगेत बसला. शेरखान गुहेच्या तोंडाशी येऊन पोर मागतो तो प्रसंग होता. लांडगा बाप बोलतो, पण शेरखान त्याला जुमानत नाही. मग लांडगीण अंगाला चिकटलेली पिल्लं झटकून पुढे येते आणि सांगते, हे पोर माझं आहे, ते जगेल, कळपाबरोबर धावेल आणि शेवटी तुझीच शिकार करेल. तिचं नाव रक्षा. मुली एका सुरात म्हणाल्या, “म्हणजे रक्षण करणारी!” किपलिंगने मात्र त्या नावाचा अर्थ राक्षसी असा दिला आहे. मग वाद रंगला. एक म्हणे लेखकाचं चुकलं, दुसरी म्हणे नाही, कळपातले लांडगे तिला भिऊन तसं म्हणत असतील. इंदापूरचा मुलगा बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, “दोन्ही असंल. पोरं पाठीशी असली की कुत्रीबी तशीच असत्या.” मराठी कानाला ‘रक्षा’ कशी ऐकू येते आणि लेखकाला ती कशी अपेक्षित होती, हा वाद मराठी मुलांनाच घालता येतो, आणि त्यासाठी नुसता शब्द समोर असावा लागतो. चेहरा आणि आवाज आधीच ठरलेले असले की तो सुचत नाही.

आपल्या मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला विचारलं, “पण गोष्ट तर तीच ना?” मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही, आता देते. पहिल्या गोष्टीत कळपाच्या सभेत मोगलीला घ्यायचं की नाही यावर वाद होतो. कायदा असा, की आईबापांखेरीज आणखी दोघांनी त्याच्या बाजूने बोललं पाहिजे. बल्लू बोलतो. बघीरा हा काळा बिबट्या, त्याला त्या सभेत बोलायचा हक्क नाही, म्हणून तो किंमत मोजतो: नुकताच मारलेला एक लठ्ठ बैल. त्या बैलाच्या जिवावर मोगली कळपात येतो, आणि म्हणून त्याने जन्मात गुराढोरांना मारायचं नाही की खायचं नाही, असा नेम बघीरा त्याला घालून देतो. मुलं हे वाचून पुढे जातात आणि विसरतात. मग शेवटची गोष्ट येते. मोगली जवळजवळ सतरा वर्षांचा झाला आहे, वसंत आला आहे, जंगल आपापल्या गाण्यांत दंग आहे. तो सभेला हाक देतो तर येतं कोण? त्याचे चार लांडगे भाऊ, डोळ्यांनी जवळजवळ अधू झालेला बल्लू, आणि कळपाचा जुना म्होरक्या अकेला याच्या रिकाम्या आसनाभोवती वेटोळं घालून बसलेला अजगर. बाकी कुणी नाही. मोगली निघायला लागतो तेव्हा उशिरा बघीरा येतो आणि सांगतो, जंगलात एक बैल मरून पडला आहे, तुला मोकळं करणारा बैल. आता सगळी देणी फिटली.

हे वाचल्यावर मुलं पहिल्या गोष्टीकडे पानं उलटत मागे पळतात. दरवर्षी. “तोच बैल का? दुसरा?” आणि बोट ठेवून ती ओळ शोधतात. पुस्तकात मागे जाता येतं, दोन पानं दोन हातांत धरता येतात. माझ्या दहाव्या वर्षी मीही तशीच मागे गेले होते, आणि म्हणून ते पुस्तक मला परत करवत नव्हतं. मालिकेतला मोगली माझा खेळगडी होता. पुस्तकातल्या मोगलीने मला पहिल्यांदा दाखवलं की मोठं होताना माणूस कुणाकुणाला तरी मागे टाकतो, आणि तरीही प्रेम तुटत नाही.

शिवाय या गोष्टी आपल्या मुलुखाला अगदी खेटून आहेत. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि आपल्या गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे येते. पेंचचं जंगल काही मध्य प्रदेशात, काही आपल्या नागपूर जिल्ह्यात. ‘रेड डॉग’ नावाच्या गोष्टीत लांडग्यांवर चालून येणारी दोनशेवर रानकुत्री येतात ती दख्खनहून, म्हणजे आपल्याकडून! कोळसून म्हणतात ती हीच. मुलांनी त्या दिवशी नकाशा जमिनीवर पसरला आणि पुण्याहून सिवनीपर्यंत दोरा लावून पाहिला. मोगली त्या रानकुत्र्यांना मधमाश्यांच्या कड्यावरून वैनगंगेत कसा नेतो, हे ऐकताना खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

एका गोष्टीबद्दल मात्र आपल्यातल्या काही जणांचं म्हणणं मला मान्य आहे. किपलिंग साम्राज्याच्या बाजूचा लेखक होता. मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेला, तरी गोऱ्यांच्या राज्यावर विश्वास असलेला. त्याचे गावकरी बहुधा भोळसट नाही तर क्रूर असतात. मोगलीला लेक मानणाऱ्या मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला जाळायला गाव निघतं, आणि त्यांना न्यायाची आशा वाटते ती खान्हीवारा या गावातल्या इंग्रजांकडून. हे मुलांच्या हातात तसंच सोपवू नये, हे बरोबर. पण म्हणूनच तर तो तास लागतो! आम्ही ती गोष्ट वाचली तेव्हा मी मुलांना विचारलं, हे गाव जर तुमच्या आजीने लिहिलं असतं तर कसं असतं? त्यावर मुलांनी वह्यांत जे लिहिलं ते मी आपल्याला दाखवायला तयार आहे. ज्या पुस्तकाशी भांडायला हवं ते बाद केलं, तर मुलं भांडायला शिकणार कुठे?

आता माझ्या तक्रारी, ज्या निर्णयाच्या पद्धतीबद्दल आहेत.

बाद करायच्या पुस्तकांची यादी सभासदांना दाखवली गेली नाही. ‘मालिकेच्या स्वरूपात उपलब्ध’ हा निकष कुठून आला, तेही सांगितलं नाही. या निकषाने उद्या रामायण-महाभारतही बाद करावं लागेल, कारण त्यांच्याही मालिका आहेत. पुस्तक फाटलं म्हणून काढायचं असेल तर तसं लिहा. ते मला समजतं, फाटलेलं शिवता येतं.

‘मुलं वाचत नाहीत’ हे कारण सूचनेत आहे. शनिवारी येणारी मुलं २२ आहेत, आणि हजेरीची वही आपल्याच कार्यालयात आहे. ती उघडून न पाहता हे वाक्य लिहिलं गेलं, याचं मला वाईट वाटलं.

मालिकेचे भाग ५२, वर्षाचे शनिवारही ५२. म्हणजे पूर्ण वर्षभर मुलं येतील, पाहतील आणि जातील. वर्षातला एकही शनिवार वाचनासाठी उरत नाही. आपण वाचनालय आहोत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली आपल्याला जे अनुदान मिळतं, ते याच ओळखीवर मिळतं.

आणि तास बंद करताना तो घेणाऱ्या बाईला किंवा त्यात येणाऱ्या मुलांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मला सूचना वाचून कळलं. इंदापूरच्या मुलाने ती माझ्या आधी वाचली होती.

मागण्या फार नाहीत. मोगलीच्या तिन्ही प्रती त्यांच्या जुन्या दाखल क्रमांकासह बालविभागात परत याव्यात. बाद करायच्या उरलेल्या पुस्तकांची यादी निदान पंधरा दिवस सूचनाफलकावर लावावी आणि सभासदांच्या हरकती लेखी घ्याव्यात. शनिवारचा तास चालू राहावा.

मालिका जरूर दाखवा. महिन्यातला एक शनिवार तिला द्या, आणि तोही गोष्ट वाचून झाल्यानंतर. मी स्वतः मुलांबरोबर बसून पाहीन. पाहून झाल्यावर अर्धा तास बोलायला ठेवा: यात काय वेगळं होतं, काय जास्त आवडलं, काय राहून गेलं. पडद्यासाठी कपाटं हलवायची गरज नाही, वरच्या मजल्यावरचं सभागृह शनिवारी दुपारी रिकामं असतं.

आणखी एक सुचवते. किपलिंग १९३६ साली वारला, त्याच्या मूळ लेखनावरचे हक्क आपल्याकडे कधीच संपले आहेत. आठातली एखादी गोष्ट आपल्या सभासदांनीच आजच्या मराठीत नव्याने आणावी. आपल्या वर्गणीदारांत निवृत्त शिक्षक आहेत, भाषांतर करणारे आहेत. मुलांना वाचून दाखवत, त्यांना कुठे अडतं ते पाहत ते काम झालं तर वर्षभरात आपल्या बालविभागाची स्वतःची एक पुस्तिका तयार होईल. छपाईला वर्गणी काढावी लागली तर पहिली माझी घ्या.

तिन्ही प्रती सध्या माझ्याकडे आहेत. ग्रंथपालांची परवानगी घेऊन आणि त्यांच्या वहीत सही करून मी त्या घरी आणल्या. दोन शिवून झाल्या आहेत, तिसरीचा पुठ्ठा वाळतो आहे. १९९४ च्या शिक्क्यांची चिठ्ठी मी तशीच ठेवली आहे, फक्त खाली नवी जोडली आहे. येत्या शनिवारी चार वाजता त्या घेऊन मी येते. मुलांना मी तास नाही असं अजून सांगितलेलं नाही. कपाटाची किल्ली कुणाकडे मागायची, तेवढं कळवावं.

आपली,
बालविभागाची एक जुनी वर्गणीदार
पुणे